वाढत्या शिंगराचें जमिनीवरील शिक्षण

मार्गशीर्ष पौर्णिमेस तापीकांठीं सारंगखेडा येथें एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजारहि भरतो. हें गांव शहादा तालुक्यांतील असून पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें. तथापि धुळें व जळगांव या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकरी या बाजारास आपल्या खानदेशाचाच बाजार समजतात, आणि कापसाचे चार पैसे हातीं आले म्हणजे पुष्कळांची पावलें तिकडे वळतात. बाजारांत मारवाडी व काठेवाडी जातीचीं जनावरें येतात, पंजाबाकडील पांढरीं येतात, आणि अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता पावलेल्या आपल्या भीमथडी घोड्याचेंहि नांव लोकांच्या तोंडीं येऊं लागलें आहे.

या बाजारांत गिऱ्हाईक काय पाहतें? रंग पाहतें, भोंवरे पाहतें, कानांची ठेवण व उंची पाहतें, आणि चाल पाहतें. दीड-दोन वर्षांचें उमदें शिंगरूं डोळ्यांत भरलें म्हणजे सौदा होतो. परंतु या शिंगरास आजवर कोणीं काय शिकविलें आहे, हा प्रश्न शंभरांत पांच जणहि विचारीत नसतील. घरीं आणल्यावर आठ दिवसांत त्याच्या तोंडांत लगाम घालून पाठीवर माणूस चढविण्याची घाई होते. शिंगरूं उडतें, माणूस पडतो, मग मार बसतो. आणि मोठ्या किंमतीचें जनावर वर्षाच्या आंत एक तर लंगडें होतें, किंवा लाथाड व बुजरें म्हणून पडत्या किंमतीस विकलें जातें. हें नुकसान टळण्याजोगें आहे. तें कसें टाळावें, म्हणजे पाठीवर बसण्यापूर्वीं दोन-तीन वर्षें जमिनीवर उभें राहूनच शिंगरास काय काय शिकवितां येतें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा विषय शेतकऱ्याचा कां?

कोणी म्हणेल कीं आतां ट्रॅक्टर व मोटारसायकल यांच्या दिवसांत घोड्याचें शेतकऱ्यास काय काम? टांगे गेले, टपालाचे घोडे गेले आणि पागाहि गेल्या, हें खरें आहे. तरीहि लग्नाची वरात, शर्यत, मिरवणूक, हौसेची सवारी आणि पैदास यांसाठीं घोड्यास मागणी आहे, आणि ती मागणी पुरविणारा बहुतेक शेतकरीच आहे. ज्याच्या घरीं घोडी आहे, चारा आहे व मोकळी जागा आहे, त्यास शिंगरूं वाढविणें फारसें जड जात नाहीं. जड जातें तें शिक्षण. आणि तेंच नेमकें दुसऱ्यावर सोंपविलें जातें. पूर्वीं हें काम करणारे चाबूकस्वार गांवोगांव असत. आतां ते थोडे राहिले, आणि जे आहेत त्यांच्याकडे जनावर जातें तें बहुधा अगदीं अशिक्षित स्थितींत. महिना-पंधरा दिवसांत ‘घोडा तयार करून द्या’ असा मालकाचा आग्रह असला म्हणजे चाबूकस्वारास मारझोडीवांचून दुसरा मार्ग उरत नाहीं. दोष एकट्या चाबूकस्वाराचा नसून, जें काम मालकाच्या घरीं दोन वर्षांत व्हावयाचें तें पंधरा दिवसांत मागितलें जातें, यांत आहे.

ही गोष्ट नवी नाहीं. ग्रीक देशांतील झेनोफोन यानें इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत अश्वविद्येवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत त्याचें म्हणणें असें कीं, शिंगरूं शिक्षकाच्या हातीं देण्यापूर्वींच तें गरीब, माणसाळलेलें व माणसावर प्रेम करणारें झालेलें असावें. मोतद्दारानें त्यास गर्दीतून हिंडवावें, नाना प्रकारचे देखावे व आवाज यांची ओळख करून द्यावी, आणि तें भ्यालें तर चिडून नव्हे, तर चुचकारून समजूत घालावी. त्याहूनहि जुना, सुमारें तेहतीसशें वर्षांपूर्वींचा, किक्कुली नांवाच्या मितन्नी देशच्या अश्वशिक्षकाचा लेख तुर्कस्तानांत बोगाझकोय येथें मातीच्या विटांवर सांपडला. त्यांत रथाच्या घोड्यांचा कित्येक महिन्यांचा रोजचा कार्यक्रम दिला असून, फेऱ्यांची मोजदाद ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंज’, ‘सत्त’ अशा आपल्या एक, तीन, पांच, सात यांच्या सख्ख्या भावंडांसारख्या शब्दांनीं केली आहे. आणि फेरीस ‘वर्तन्न’ म्हटलें आहे. या दोन्ही जुन्या लेखांचें तात्पर्य एकच: काम थोडथोडें वाढवावें, आणि घाई करूं नये.

हाडांची वाढ व पाठीवरील वजन

घाई कां करूं नये, याचें पहिलें कारण जनावराच्या हाडांत आहे. शिंगरूं एक वर्षाचें होतें तेव्हां त्याची उंची पुऱ्या वाढलेल्या घोड्याच्या सुमारें नव्वद टक्के झालेली असते. त्यामुळें तें तयार झालें असा डोळ्यांस भास होतो. परंतु वजन अद्यापि दोन-तृतीयांशाच्या आसपासच असतें, आणि हाडें तर मुळींच पक्कीं झालेलीं नसतात. लांब हाडाच्या टोंकाजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो व तेथून हाड वाढतें. हा पट्टा पुरता हाड बनेपर्यंत तो भाग कच्चा समजावा. पायाच्या नळीचा खालचा पट्टा पहिल्या वर्षांतच मिटतो. पुढील गुडघ्याच्या वरचा पट्टा मिटण्यास सुमारें दोन ते अडीच वर्षें, क्वचित् त्याहून अधिक काळ लागतो. आणि पाठीच्या मणक्यांची वाढ सर्वांत शेवटीं, म्हणजे पांच वर्षांच्या पुढें संपते. ज्या पाठीवर माणूस बसावयाचा तीच पाठ सर्वांत उशिरां तयार होते, हें ध्यानांत ठेवावें.

सबब तीन वर्षांच्या आंत पाठीवर माणूस बसवूं नये, आणि चवथ्या वर्षांत हलकें काम देऊन पूर्ण काम पांचव्या वर्षापासून घ्यावें, हा नियम सर्वांत सुरक्षित होय. पुऱ्या वाढलेल्या घोड्यासहि खोगिरासुद्धां एकंदर ओझें त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावें. म्हणजे तीनशें किलो वजनाच्या जनावरावर साठ किलोच. आणि आपल्याकडील पुष्कळ स्वार खोगीर सोडूनच यापेक्षां जड असतात.

वयाविषयीं विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबूं नये, दांत पाहावे. पुढच्या दांतांपैकीं मधली जोडी सुमारें अडीच वर्षांनीं पडून पक्की येते, तिच्या बाजूची साडेतीन वर्षांनीं व कडेची साडेचार वर्षांनीं. दुधाचे दांत लहान, पांढरे व मुळाशीं निमुळते असतात. पक्के दांत रुंद व पिंवळट असतात. ज्या शिंगराचे सर्व पुढचे दांत दुधाचे आहेत तें अडीच वर्षांच्या आंतलें होय, मग तें कितीहि उंच दिसो.

घोड्याचा स्वभाव

दुसरें कारण जनावराच्या स्वभावांत आहे. बैल भ्याला तर पुष्कळदां उभा राहतो. घोडा भ्याला तर पळतो. मोकळ्या माळावर कळपानें राहून हिंस्र श्वापदांपासून पळून जीव वांचविणें, हीच त्याच्या पूर्वजांची रीत होती. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ चोहोंकडचें दिसतें. परंतु कपाळाच्या अगदीं समोर व शेंपटीच्या थेट मागें थोडी जागा त्यास दिसत नाहीं. म्हणून मागून एकाएकीं जाणें किंवा समोरून कपाळावर हात टाकणें हें त्यास धोक्याचें वाटतें. जवळ जावयाचें तें खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत, आणि पहिला हात खांद्यावर किंवा आयाळीच्या मुळाशीं ठेवावा.

शिकण्याची त्याची रीत अशी आहे कीं, दाब कोणत्या क्षणीं सुटला, हें तो ध्यानांत ठेवतो. दोरी ओढली व तो एक पाऊल पुढें आला, आणि त्याच क्षणीं दोरी ढिली झाली, तर ‘पुढें आलें म्हणजे सुटका’ असें तो शिकतो. दोरी ओढली, तो मागें हटला, आणि आपण दमून दोरी सोडली, तर ‘मागें हटलें म्हणजे सुटका’ असें शिकतो. दोन्ही वेळां शिकविणारे आपणच. पुष्कळ घोडे ज्यांस आपण हट्टी म्हणतों ते वास्तविक चांगले शिष्य असतात. त्यांनीं चुकीचा धडा बिनचूक पाठ केलेला असतो. म्हणून ओढणें थोडें व सोडणें तत्काळ, हें सूत्र सर्व शिक्षणाच्या मुळाशीं आहे. बरोबर केल्यावर मान खाजविणें, हें त्यास उत्तम बक्षीस होय; घोडे एकमेकांची मान व खांदा याच प्रीतीनें खाजवितात. हातांतून गूळ किंवा चणे वारंवार देऊं नयेत, कारण त्यानें शिंगरूं चावरें होतें.

जन्मापासून दूध तुटेपर्यंत

घोडी सुमारें अकरा महिने गाभण राहते. जन्मलेलें शिंगरूं एक-दोन तासांत उभें राहून पिऊं लागावें, आणि आईचा पहिला चीक पहिल्या कांहीं तासांतच त्याच्या पोटांत जावा. त्याखेरीज रोगांस तोंड देण्याची शक्ति त्यास येत नाहीं. पहिल्या दिवशीं मायलेंकरांस एकमेकांची ओळख होऊं द्यावी. त्यानंतर रोज पांच-दहा मिनिटें, घोडी शांत असतांना, शिंगराच्या अंगावरून मऊ हात फिरवावा: आधीं खांदा व पाठ, मग मान, मग पाय, आणि शेवटीं कान व तोंड. गोंजारावयाचें तें बसून किंवा वांकून, पण त्यास आपल्या अंगावर उड्या मारूं देऊं नये. दोन महिन्यांचें शिंगरूं खांद्यावर पाय टाकतें तेव्हां मुलांस मौज वाटते; तेंच दोन वर्षांनीं माणसाचा जीव घेईल. जें मोठेपणीं नको तें लहानपणींहि चालूं देऊं नये.

पहिल्या महिन्यांतच मऊ सुताची म्होरकी घालण्याची संवय लावावी. म्होरकी कोणाची तरी नजर असतांनाच ठेवावी. गोठ्यांत एकट्यास घालून सोडल्यास मागचा खूर तींत अडकून मान मोडल्याचे प्रकार घडतात. शिंगराची वाढ जलद असते, म्हणून म्होरकी दर पंधरा दिवसांनीं सैल करावी.

चालविण्याचा पहिला धडा घोडीच्या मागोमाग द्यावा. एकानें घोडी चालवावी, दुसऱ्यानें शिंगराच्या डाव्या खांद्यापाशीं राहून एक हात म्होरकीच्या दोरीवर व दुसरा त्याच्या पुठ्ठ्यामागें ठेवावा. पुढून ओढूं नये. मागून हलकेंच सुचवावें. कोवळ्या मानेस जोराचा हिसका बसला तर मणक्यांस कायमची इजा होते.

पाय उचलण्याची संवय हीहि याच वयांत. हात खांद्यावरून खालीं सरकवीत नळीपर्यंत न्यावा, शिंगरानें वजन हलविलें कीं पाऊल क्षणभर उचलून लगेच, परंतु त्यानें हिसकण्यापूर्वीं, खालीं ठेवावें. हा काळ हळूहळू वाढवावा. चारी पाय शांतपणें देणारें शिंगरूं नालबंदाच्या हातून मार खात नाहीं. खुरांची वाढ दर सहा ते आठ आठवड्यांनीं पाहून छाटणी करावी. कोवळ्या वयांत वांकडा राहिलेला खूर पुढें पायच वांकडा करतो.

दूध पांचव्या-सहाव्या महिन्यांत तोडतात. त्या वेळीं एकदम एकटें कोंडूं नये. दुसरें शिंगरूं, म्हातारी घोडी, निदान एखादी बकरी सोबतीस असावी.

सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत

या काळांत शिंगराचें मुख्य काम मोकळें हिंडणें हेंच होय. हाडें व स्नायु हालचालीनेंच पक्के होतात. आगाडी-पिछाडीनें दिवसभर ठाणबंद ठेवलेल्या शिंगराचे पाय सुजतात, नळ्यांवर दोरीचे वण पडतात आणि स्वभाव चिडका होतो. शेताच्या एका कोपऱ्यास बांबूंचें किंवा लोखंडी नळांचें कुंपण घालून आवार करावें; कांटेरी तार कदापि वापरूं नये.

शिकवणी रोज दहा-पंधरा मिनिटांहून अधिक नसावी. एक गोष्ट चांगली झाली कीं त्याच वेळीं थांबावें. आमच्या मतें या वयांत पुढील पांच गोष्टी शिंगरास याव्या:

(१) ढिल्या दोरीवर माणसाच्या खांद्याशीं चालणें, थांबणें व वळणें.
(२) म्होरकीवर बोटांचा हलका दाब येतांच मागें सरणें.
(३) बरगडीस बोट लावतांच मागचा भाग बाजूस सरकविणें. ज्या घोड्याचा मागचा भाग आपल्या सांगण्यावरून सरकतो तो आपल्यावर सहसा लाथ झाडीत नाहीं.
(४) बांधलेल्या जागीं शांत उभें राहणें. दोरी खांद्याच्या उंचीवर, हातभर लांबीची व एका ओढीनें सुटणाऱ्या गांठीची असावी. गळ्यांत फांस घालून किंवा लगामानें कधीं बांधूं नये.
(५) खरारा करून घेणें व अंगावर पाणी ओतूं देणें.

याबरोबर जगाची ओळख करून द्यावी. आपल्या खानदेशांत शिंगरास भिववणाऱ्या गोष्टी कांहीं कमी नाहींत: रावेर-यावलच्या रस्त्यावर केळीचे ट्रक, शेतांत ठिबकच्या काळ्या नळ्यांचीं वेटोळीं, वाऱ्यानें फडफडणारे प्लॅस्टिकचे कागद, फवारणीचे पंप, कालव्यावरचे अरुंद पूल, आणि लग्नसराईंत डीजेचा दणदणाट. यांपैकीं प्रत्येक वस्तु प्रथम दूर अंतरावरून दाखवावी. शिंगरूं थांबलें, कान पुढें करून पाहूं लागलें, तर पाहूं द्यावें. त्यानें मान खालीं घालून श्वास सोडला व तोंड हलविलें म्हणजे भीति ओसरली असें समजावें, आणि तेथूनच परत फिरावें. दुसऱ्या दिवशीं चार पावलें पुढें. बुजलेल्या शिंगरास मारलें तर ‘ती वस्तु आली म्हणजे मार बसतो’ एवढेंच तें शिकतें, व त्याची भीति दुप्पट होते. सोबतीस एखादी जुनी शांत घोडी असल्यास निम्मे श्रम वांचतात.

उन्हाळ्यांत जळगांवकडे ऊन्ह त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतें. त्या दिवसांत सर्व शिकवणी सूर्योदयाच्या सुमारास आटोपावी. काळ्या जमिनीस भेगा पडलेल्या असतांना तेथें शिंगरूं पळवूं नये, आणि पावसाळ्यांत त्याच जमिनीच्या चिखलांतहि नेऊं नये.

कावा व लांब बागडोर

लांब दोरीवर घोडा गोल फिरविणें यास जुने लोक कावा देणें म्हणत. ही उपयुक्त गोष्ट आहे, परंतु कोवळ्या शिंगरास तीच सर्वांत अपायकारक होते. कारण लहान वर्तुळांत जलद धांवतांना आंतल्या पायाच्या सांध्यांवर तिरपा ताण पडतो. म्हणून दोन वर्षांच्या आंत कावा देऊं नये. त्यानंतर वर्तुळ पंधरा-वीस मीटर व्यासाचें, जमीन मऊ व सपाट, चाल मुख्यतः पावलांची व थोडी दुडकी, आणि काळ दोन्ही हातांस मिळून दहा मिनिटें, ही मर्यादा पाळावी. आठवड्यांतून दोन-तीन वेळां पुरे. ‘चल’, ‘हळू’, ‘थांब’ हे शब्द ठरलेले असावे व घरांतील सर्वांनीं तेच वापरावे. दमवून वठणीवर आणण्याच्या हेतूनें कावा देणें व्यर्थ आहे. रोज दमविलेलें जनावर रोज अधिक दमाचें होतें, अधिक शहाणें होत नाहीं.

यापेक्षां दोन लांब बागडोरी घेऊन मागून चालत हांकणें अधिक गुणकारी होय. बागडोरी म्होरकीच्या दोन कड्यांस बांधून खोगिराच्या तंगासारख्या पट्ट्याच्या कड्यांतून मागें घ्याव्या, आणि मागून पण थोडें बाजूस, लाथेच्या टप्प्याबाहेर राहून चालावें. शिंगरूं वळणें, थांबणें व एकटें पुढें जाणें शिकतें. आणि तें पाठीवर एक शेर वजनहि न घेतां. पाणंदीनें, बांधावरून, गांवाच्या वेशीपर्यंत असें सहा महिने हांकलेलें शिंगरूं पुढें स्वारास पहिल्याच दिवशीं ओळखीच्या खुणा देतें.

खोगीर, लगाम व पहिलें बसणें

अडीच वर्षांनंतर आधीं नुसतें कांबळें पाठीवर टाकावें व काढावें. मग हलका पट्टा, मग रिकामें खोगीर. तंग एकदम आवळूं नये. दोन-तीन वेळां चालवून एक-एक भोंक चढवावा. लगाम घालण्यापूर्वीं तोंड जाणत्या पशुवैद्याकडून तपासून घ्यावें. पुष्कळ घोड्यांस वरच्या दाढांच्या पुढें एक लहानसा निरुपयोगी दांत येतो. त्यावर कडियाळें आपटून वेदना होते व घोडा मान झटकतो. लोक त्यास खोडसाळ म्हणतात. तसेंच या वयांत दुधाच्या दाढा पडत असल्यामुळें हिरड्या हळव्या असतात. पहिलें कडियाळें जाड, गुळगुळीत व साधें असावें. कांटेरी कडियाळीं वापरणें हें १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांनीं मना केलेलें आहे, आणि तीं व्यर्थहि आहेत: कांट्यांनीं जीभ व जबडा यांवर वण पडून तोंड बधिर होतें, व मग अधिक तीक्ष्ण कांटा लागतो.

तीन वर्षें पुरीं झाल्यावर हलका माणूस पोटावर आडवा टेकावा, उतरावा. तें सहन झालें म्हणजे बसावा व दुसऱ्यानें दोरी धरून चालवावें. जमिनीवरील शिक्षण नीट झालें असेल तर या दिवशीं कांहींच नवल घडत नाहीं. ‘घोडा मोडला’ हा शब्दप्रयोग करण्याची वेळच येत नाहीं, आणि हीच खरी परीक्षा.

नाचाच्या घोड्याविषयीं

खानदेशांत वरातीपुढें नाचणाऱ्या घोड्यास मोठा मान आहे, व बाजारांत त्यास किंमतहि येते. चांगला, पुऱ्या वयाचा, आपखुशीनें पाय उचलणारा घोडा पाहून कोणासहि आनंद होईल. परंतु दीड-दोन वर्षांच्या शिंगरास दोन खांबांमध्यें बांधून, पायांवर छड्या मारून, मागच्या दोन पायांवर उभें करण्याचे जे प्रकार चालतात ते निंद्य व तोट्याचे आहेत. मागच्या पायांवर उभें राहतांना सर्व शरीराचा भार ढोपर, नळी व कंबर यांवर पडतो, आणि हीं हाडें तर अजून कच्चीं असतात. असा घोडा चार हंगाम मिरवितो व ऐन उमेदींत बसतो. शिवाय ज्याला उभें राहण्याची खोड लागली तो पुढें स्वाराखालींहि उभा राहतो, व अशा घोड्याखालीं स्वार सांपडून प्राणास मुकण्याचा धोका असतो. वर सांगितलेल्या झेनोफोननेंच म्हटलें आहे कीं, बळजबरीनें करविलेल्या कामांत घोड्यास समज नसते व सौंदर्यहि नसतें. नर्तकास फटके मारून नाचविल्यासारखें तें दिसतें. अशीच गोष्ट रेवाल चालीची. ती अंगची असेल तर मोकळ्या चालण्यांतच दिसते. पायांस दोऱ्या व वजनें बांधून आणलेली चाल सांधे खाऊन टाकते. जनावरांस क्रूरतेनें वागविण्याविरुद्धचा १९६० चा कायदा अशा प्रकारांस लागूं पडतो, हेंहि मालकांनीं विसरूं नये.

चारा, चंदी व आरोग्य

शिक्षणाचा व आहाराचा निकट संबंध आहे. रिकामा हिंडूं न देतां भरपूर चंदी चारलेलें शिंगरूं उधळतें, आणि आपण त्याच्या स्वभावास दोष देतों. वाढत्या जनावरास त्याच्या वजनाच्या सुमारें अडीच टक्के कोरडा आहार लागतो. त्यांतील निम्म्याहून अधिक भाग चाऱ्याचा असावा. चांगलें वाळलेलें गवत, बारीक केलेला कडबा व लसूणघास हीं आपल्याकडे मिळतात. कोवळी हिरवी ज्वारी घोड्यास घालूं नये. तिच्यांतील विषानें मागचा भाग लुळा पडतो व लघवी ठिबकूं लागते. गव्हाचा कोंडा स्वस्त म्हणून एकटाच चारूं नये. त्यांत स्फुरद फार व चुना थोडा असल्यामुळें हाडें पोंचट होतात. लसूणघासानें चुन्याची उणीव भरून निघते. घोड्यास ओकतां येत नाहीं. सबब बुरसटलेला चारा व एकदम वाढविलेली चंदी यांपासून होणारा पोटशूळ जिवावर बेततो. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्यापासूनहि सावध असावें; त्यांपैकीं कांहींत मोनेन्सिन नांवाचें औषध असतें, व तें थोडक्यानेंहि घोड्याचा प्राण घेतें.

घोड्यास धनुर्वात फार लौकर होतो. त्याची लस वेळच्या वेळीं टोंचवावी. नदीकांठीं पावसाळ्यानंतर चावऱ्या माशांपासून सरा नांवाचा ज्वर पसरतो. अधूनमधून ताप, पायांवर सूज व दिवसेंदिवस खंगणें हीं लक्षणें दिसतांच रक्त तपासून घ्यावें. सर्वांत भयंकर रोग ग्लँडर्स होय. तो माणसासहि होतो, त्यावर लस नाहीं, आणि २००९ च्या सांसर्गिक पशुरोगांच्या कायद्याप्रमाणें रोगी जनावर नष्ट करावें लागतें. हरियाणांत हिसार येथें १९८५ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगांवर काम करतें. बाजारांत घेतलेल्या जनावराचा रक्ततपासणीचा दाखला मागावा, आणि घरीं आणल्यावर निदान तीन आठवडे त्यास इतर घोड्यांपासून वेगळें बांधावें.

बाजारांत पारख

शिकलेलें शिंगरूं ओळखणें कठीण नाहीं. विकणाऱ्यास सांगून त्यास ढिल्या दोरीवर चालवावें व थांबवावें. चारी पाय स्वतः उचलून पाहावे. कानांस हात लावून पाहावा. ज्याचे कान पिळले गेले आहेत तें शिंगरूं तेथेंच दचकतें. ओठांचे कोपरे व जिभेची कड पाहावी. तेथें वण असल्यास कांटेरी कडियाळें वापरलें गेलें आहे. पायांच्या नळ्यांवर पांढरे केंस आडव्या रेघेंत उगवले असतील तर ते दोरीच्या जुन्या जखमांचे होत. दांत पाहून वय ठरवावें, आणि अडीच वर्षांच्या आंतलें शिंगरूं ‘सवारीस तयार’ म्हणून कोणी दाखवूं लागल्यास तें शहाणपणाचें लक्षण न मानतां धोक्याचें मानावें. भोंवऱ्यांविषयीं ज्याची त्याची श्रद्धा असो. परंतु भोंवरे कितीहि शुभ असले तरी सुजलेला सांधा त्यांनीं बरा होत नाहीं.

सारांश

येथवर सांगितलेल्या कामास मोठा खर्च नाहीं: एक म्होरकी, दोन लांब दोऱ्या, थोडी मऊ जमीन व रोजचीं पंधरा मिनिटें. पहिल्या सहा महिन्यांत हात लावून घेणें, म्होरकी व पाय. दुसऱ्या वर्षाअखेर चालणें, मागें सरणें, बांधून राहणें व जगाची ओळख. तिसऱ्या वर्षांत थोडा कावा, लांब बागडोर, रिकामें खोगीर व साधें कडियाळें. तीन वर्षें पुरीं झाल्यावर हलका स्वार, आणि पांचव्या वर्षीं पूर्ण काम, असा हा क्रम आहे. बी पेरल्यावर कणीस लौकर यावें म्हणून कोणी रोप उपटून लांब करीत नाहीं. जो शेतकरी पऱ्हाटीस सहा महिने धीर धरतो, त्यानें वीस-पंचवीस वर्षें जगणाऱ्या जनावरासाठीं तीन वर्षें धीर धरणें कांहीं अवघड नाहीं. ज्यांच्या घरीं यंदा घोडी व्यावयाची आहे त्यांनीं म्होरकीचें सूत आजच वळून ठेवावें, आणि जे यात्रेस जाणार आहेत त्यांनीं रंग पाहण्याआधीं दांत व पाय पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.